बावीस नंबरची तार

पट्टीश्वरमच्या मिरासदारांची पाणी ओढायची मोटर मी आत नवी तार गुंडाळून भरून दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती जळाली. स्वातंत्र्य येऊन सात वर्षं झाली होती, तमिळ आवणी महिना, म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद होता, भाताचं रोप तरव्यात उभं होतं. मी कुंभकोणमचा, दुकान नुकतंच घातलेलं, आणि माझ्या हातून भरली गेलेली ती पहिली मोठी मोटर.

काय सांगू तुम्हाला, संशय आमच्या घराण्यातच आहे. पणजे तंजावरच्या दरबारात खजिन्यात येणारं सोनं पारखायचे, आजोबा सोनारांना पारखून द्यायचे, वडील तर लग्नात आलेला आहेरसुद्धा कसोटीच्या दगडावर घासून बघायचे, म्हणून आई त्यांना कुणाच्या लग्नाला न्यायची नाही. मी विजेच्या कामात शिरलो, पण दगड घरात होताच.

तार घेतली चेट्टियारांच्या दुकानातून, बावीस नंबरची, पाच पौंडांचं रीळ. तेव्हा बोलवा अशी होती की जळक्या मोटरींतली तार काढून, वर पुन्हा वीज अडवणारं रोगण चढवून, नवी म्हणून विकतात. म्हणून मी तार बोटाला गुंडाळली, रोगण तडकतं का बघितलं, वास घेतला, दहा वेढे शेजारी शेजारी घालून पट्टीवर जाडी मोजली. चेट्टियार म्हणाले, रायरे, तार घ्यायला आलात का मुलगी बघायला? आम्हा मराठ्यांना इकडे रायर म्हणतात. मी हसलो नाही. वरची चांगली, आतली कुणी पाहिलीय, असं माझ्या मनात.

घरी बायकोच्या हाती रीळ दिलं, तार उलगडत दुसऱ्या रिळावर घेतली, आणि मधे मधे थांबून सहा ठिकाणी दगडावर घासली. बायको म्हणाली, अहो, चांगल्या तारेची साल कशाला काढताय? मी म्हणालो, तू घट्ट धर. लाल रेघ उमटली, तांबं अस्सल होतं. त्याच तारेनं मोटर भरली.

जळाल्यावर मिरासदारांच्या ओसरीवर, आठ-दहा माणसांसमोर, मी सांगितलं, तार खोटी आहे, चेट्टियारांनी फसवलं. दुपारपर्यंत ते चेट्टियारांच्या कानावर गेलं. त्यांचा निरोप आला, उरलेलं रीळ घेऊन या.

ते रागावले नाहीत. डोळे मिटून तार चिमटीतून ओढत राहिले, मग थांबले. इथं. आणखी ओढली. इथंही. रोगण गेलेलं, तांबं उघडं. म्हणाले, रायरे, हे कारखान्यात झालं की माझ्या दुकानात? मी उलगडलेली तार परत रिळावर गुंडाळायला लागलो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हणालो, माझ्या घरी.

मग मोटर उघडली. तार बसवायच्या लोखंडी खाचेच्या तोंडाशी दोन जागी उघडी तार लोखंडाला लागून करपली होती.

दुसऱ्या दिवशी चेट्टियारांना बरोबर घेऊन पट्टीश्वरमला गेलो, त्याच ओसरीवर सांगितलं, तार चांगली होती, चूक माझी. मिरासदारांनी चेट्टियारांसाठी कॉफी मागवली. मला विचारलं, पाणी कधी? मी म्हणालो, पाचव्या दिवशी. पाचव्या दिवशी मोटर सुरू झाली. तोवर अर्धा तरवा वाळला होता.

त्याला तीन वर्षं झाली. ती मोटर अजून चालते. मिरासदारांनी पुढं दुसरी घेतली, ती गेल्या वर्षी जळाली, आणि भरायला त्यांनी पापनाशमला दुसऱ्या कारागिराकडे पाठवली.