पुसदची गाडी

अमिनाबी : झालं ना, सिस्टर? डॉक्टरीणबाईनं तपासलं, पिशवीचा कॅन्सर परत नाई म्हने. मंग जाऊ दे मले. दीडची पुसदची गाडी हाय.

कशफ : पाच मिनिटं, खाला. खुर्चीत नीट टेका तरी. दाराकडं काय बघता सारखं?

अमिनाबी : बाहेर हे उभे हायत.

कशफ : सरदारचाचा मारेगावहून सोबत आलेत, मग घाई कसली? आणि ही एवढी बॅग?

अमिनाबी : भावाकडं जाऊन राह्यली. कायमची. याईले पंधराच दिवस म्हून सांगतलं.

कशफ : भांडलात?

अमिनाबी : भांडलो असतो तं बरं होतं. सात महिने झाले, मानूस गॅरेजात झोपते. मी आता त्याईच्या काय कामाची? तुले नाई समजनार. लग्न झालं का तुहं?

कशफ : लग्न नाही, नर्सिंग झालंय. आणि या खोलीत बायका रोज हेच सांगतात. सात महिन्यांपूर्वी काय झालं?

अमिनाबी : किरणाचा शेक संपला, मंग एकडाव जवळ आलो. लय दुखलं. रक्त गेलं. तवापासून चार-दोन दिवसाआड डाग दिसते. मीच म्हनलं, मी नापाक हाय, तिकडं झोपा. नमाज बी बंद. रमजानचे रोजे बी गेले.

कशफ : थांबा, थांबा. तुम्ही ही पाळी धरली? सात महिने?

अमिनाबी : रक्त म्हन्जे रक्त.

कशफ : खाला, शेकानं पाळी बंद झाली तुमची. हे आतल्या नाजूक जागेचं रक्त, पाळीचं नाही. केळापूरच्या आलिमाआपांना, धर्माचं शिकलेल्या बाईंना, मी विचारून ठेवलंय, कारण तुम्ही काही पहिल्या नाही. त्या म्हणतात, डाग धुवा, हातपाय-तोंड धुऊन वजू करा, नमाज पढा. नवऱ्याजवळ जायलाही मनाई नाही.

अमिनाबी : मनाई नाई?

कशफ : नाही.

अमिनाबी : या अल्ला! मंग मले कोनी सांगतलं काहून नाई?

कशफ : तुम्ही विचारलंत कुठं? मागच्या तपासणीच्या कागदावर लिहिलंय, "त्रास नाही."

अमिनाबी : तवा मर्द डॉक्टर होता. त्याले काय सांगू, डोंबल?

कशफ : शेकानं आतली जागा आखडते, कोरडी पडते. म्हणून दुखतं. ती जागा मोकळी करायला नळी आणि जेली दिली होती ना?

अमिनाबी : पेटीत हाय. शालीच्या खाली. सासूनं पाह्यली असती तं! असली चीज देते का कोनी?

कशफ : औषध आहे ते. आखडलेल्या सांध्याला मालिश करतो, तसंच. आठवड्यातून तीनदा, सावकाश. जवळ येणं म्हणजे काही तेवढंच नसतं. दुखलं की थांबा म्हणायचं. डाग वाढला तर लगेच इथं यायचं.

अमिनाबी : त्याईले कोन सांगन? मी तं शरमेनं मरून जाईन.

कशफ : मी सांगते. पण तुम्ही हो म्हणाल तरच.

अमिनाबी : बोलाव. नाई, थांब! ओढनी नीट करू दे. हं, बोलाव.

(सरदार आत येतो, पण दारापाशीच थबकतो.)

सरदार : गाडी लागली, अमिना. काय झालं? परत निंघालं का काही?

कशफ : नाही, चाचा. आजार नाही. खालांच्या दुखण्याबद्दल बोलायचंय.

सरदार : मले ठाव हाय, सिस्टर. माह्यामुळंच झालं ते. रक्त पाह्यलं म्या. वाटलं, मी जवळ गेलो म्हून बीमारी उलटनार. ही म्हने तिकडं झोपा, म्या गपचूप चटई उचलली.

अमिनाबी : तुम्ही भेले होते?

सरदार : मंग? इंजिन खोलता येते मले. हे थोडी येते.

अमिनाबी : मले वाटलं, तुमाले किळस आली माही.

सरदार : किळस? तुही? काहीच्या काही बोलते! सिस्टर, हिले जे सांगतलं ते मले बी सांगा. पन हळूहळू सांगा. शाळा सोडेल मानूस हाय मी.

कशफ : आणि गाडी?

अमिनाबी : जाऊ दे तिले. अहो, उभे काहून? इकडं सरका, माह्याजवळ बसा.