कोऱ्या कागदावरची सही

आमचं मूळ भंडाऱ्याकडलं, बाप रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरले आला अन् इथलाच झाला, मी इथंच जन्मली, लग्न होऊन इथल्याच उरल्यात, कारखान्याईच्या वस्तीत आली, नवरा रोलिंग मिलमध्ये होता, छातीत धूळ बसली अन् गेला. मग मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कपडे धुवाले लागली. जर्सी, मोजे, सगळं. चिखल निघते जी, गवताचा हिरवा डाग नाही निघत, लिंबू लावून घासा लागते. पोट्ट्याच्या केसचं लिहाले आले तुम्ही, हे बी लिहून राहिले काय? लिहा.

माझा पोट्टा सुमित त्याच कॉलेजात शिकते, टीममध्ये मागच्या लायनीत खेळे. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देते. हव माँ, हव माँ.

तिथली एक रीत सांगते तुम्हाले. सीझन सुरू व्हाच्या आधी कोच सर हरेक पोट्ट्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतात, खाली कोपऱ्यात. वर काहीच नाही. सुमित घरी येऊन म्हणे, माँ, कोरे काग़ज़ पे साइन क्यों करूँ. मी म्हणलं, सर मागून राहिले ना, मग काहून विचारतं, कर. आमच्या घरात शिकलेल्या माणसाले उलटं विचारत नाहीत जी, माझ्या बापानं बी कधी विचारलं नाही. केली त्यानं सही.

मग ते झालं. बुढापारा मोहल्ल्यात टीमच्या कप्तानानं अन् त्याच्या दोस्तानं एका दुकानदाराच्या पोट्ट्याचं मागून डोकं फोडलं. त्या पोट्ट्यानं वळून कप्तानाले ओळखलं, दुसऱ्याचं तोंड नाही दिसलं. ठाण्यात कप्तानानं दोस्ताले लपवलं अन् सुमितचं नाव घेतलं. काहून, तर सुमितच्या मागं कोणी नाही. अन् सुमित तेव्हा कुठं होता, तर ग्राउंडवर. मी सोता पाहिलं, कपडे न्याले गेली होती ना, कोच सर त्याच्यावर ओरडून राहिले होते, पैर उठा, पैर उठा.

मी सरांकडे गेली. म्हणलं, सर, त्या दिवसाच्या हाजिरीची नक्कल द्या, माझा पोट्टा सुटते. सरांनी कपाटातून कागद काढला. खाली सुमितची सही, वर टाइप केलेलं, का मी आपल्या मर्जीनं टीम सोडून राहिलो. तारीख मारामारीच्या आठ दिवस आधीची. म्हणे, दीदी, वो तो हमारा खिलाड़ी ही नहीं था. मी म्हणलं, मग तुम्ही ग्राउंडवर ओरडून राहिले होते ते कोणावर? तर पंख्याकडे पाहू लागले. म्हणे, टूर्नामेंट है, कॉलेज का नाम है, आप समझो.

समजलं. रजिस्टर कोर्टात गेलं तेव्हा सुमितचं नाव कापलेलं अन् कप्तानाची हाजिरी लागलेली. जो ग्राउंडवर नव्हता तो हाजिर, जो होता तो टीममध्येच नाही. त्या हाजिरीवर कप्तान केसमधून निघाला, सुमित अडकून राहिला. कप्तान टूर्नामेंट खेळला, गेटावर त्याच्या फोटोचं बॅनर लागलं, त्याची जर्सी बी मीच धुतली, काम सोडून खाऊ काय. कोर्टात मी सांगितलं, का मी पाहिलं. तर समोरचा वकील म्हणे, तुम तो माँ हो. माय आहे म्हणून काय डोळे नाहीत मले?

तुम्ही म्हणता हे छापून पर्चा वाटू, कॉलेजच्या गेटावर धरण्याले बसू. बसा बापा. पण बाकीच्या पोट्ट्याईच्या सह्या बी त्याच कपाटात आहेत, कोण बोलीन?

आता आमचा वकील म्हणते, तारखा चालतच राहतीन, त्यापेक्षा पोट्ट्यानं कबूल करावं, पहिलीच केस आहे, जज साहेब समज देऊन सोडतीन. सोमवारी तारीख आहे. सुमित जमानतीवर घरी आहे, काल जेवता जेवता म्हणे, माँ, बोल दूँ कि मैंने मारा? मी भात वाढून राहिली होती. म्हणलं, बोलून टाक. हव म्हणे अन् जेवला. पोटभर जेवला जी, कितीक दिवसानं.

जा तुम्ही आता, ऊन चढून राहिलं. तुमच्या मायवर असं सांगाची पाळी न येवो.