येते म्हणजे कशी येते?

समुपदेशिका : नाही सर, फाइल बंद करू नका. दहा मिनिटं द्या मला. मग हवी तिथे सही करा.

डॉक्टर : अहो, चार वाजता मोठ्या मनोरुग्णालयाची गाडी येतेय. गवंडीबाबांना सहा महिने आत ठेवायचं ठरलंय. मुलानं संमती दिली, मी दिली. आता बोलण्यासारखं काय उरलंय?

समुपदेशिका : आत्ताच त्यांच्याशी बोलून आलेय.

डॉक्टर : बोलून? पाच वेळा बसलात त्यांच्यासमोर, हूं की चूं केलं नव्हतं त्यांनी.

समुपदेशिका : आज दीड तास बोलले.

डॉक्टर : बसा आधी, पाणी प्या. आणि तिथला हा अहवाल ऐका. 'पत्नी चार महिन्यांपूर्वी वारली. रुग्ण सांगतो, ती रोज सकाळी येते, ओट्याशी बसते, बोलते. भास स्पष्ट.' दुभाषी हजर होता, असंही लिहिलंय.

समुपदेशिका : होता, पण बाबांच्या मुलखाच्या शेजारचा. त्याला यांची भाषा बाजारहाटापुरती येते. या शहरात यांची मोजून चाळीस घरं, दुसरा मिळणार कुठून? म्हणून मीच आठवडाभर पायपीट केली. शेवटी पुलाखालच्या शिवणाच्या दुकानात मावशी सापडल्या. बाबांच्याच बोलीच्या. बाहेर थांबल्यात.

डॉक्टर : बोलवा त्यांना.

(शिंपीणबाई आत येतात. गळ्यात मापाची टेप तशीच आहे.)

डॉक्टर : या, बसा. आत काय झालं आज?

शिंपीण : झालं काही नाही, साहेब. ताई म्हणाल्या, विचारा, तुमची बायको येते का? मी म्हटलं, हे मला विचारताच येत नाही.

डॉक्टर : का? लाज वाटली?

शिंपीण : लाज कसली? येते म्हणजे कशी येते? आमच्याकडे नुसतं 'येते' नसतंच. डोळ्यांनी बघितलं तर शब्दाचा शेवट एक. कुणी सांगितलं तर दुसरा. मनात आलं, आठवलं, तर तिसरा. यातला एक लावल्याशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही.

डॉक्टर : प्रत्येक वाक्याला?

शिंपीण : प्रत्येक. तीन वर्षांचं पोर 'मांजर आलं' म्हणालं आणि शेवट चुकला, की आई लगेच टोकते. पाहिलंस, का वाटलं?

डॉक्टर : म्हणजे तुमच्यात खोटं बोलायची सोयच नाही म्हणा की.

शिंपीण : आहे हो, आम्हीही माणसंच. पण एका खोट्याला दोन खोटी लागतात. काय झालं तेही खोटं, आणि मला कसं कळलं तेही खोटं. फार काम पडतं.

समुपदेशिका : सर, मी तिथेच गार पडले. म्हटलं, मावशी, तिन्ही विचारा. इतके दिवस बाबा फरशीकडे बघत बसायचे. मावशींनी तिसरा शेवट उच्चारला मात्र, त्यांनी मान वर केली. बंद घराची खिडकी कुणीतरी आतून उघडावी, तसं.

डॉक्टर : मग? कोणता शेवट लावला त्यांनी?

शिंपीण : तिसरा, स्वच्छ. येते, तिसरा. ओट्याशी बसते, तिसरा. बोलते, तोही तिसराच. फक्त 'ती गेली' याला पहिला लावला, डोळ्यांनी पाहिल्याचा. म्हणाले, तिचे डोळे मी माझ्या हातांनी मिटले. मला ठाऊक नाही का ती गेली ते?

डॉक्टर : अरे देवा! मग हे रुग्णालयात का नाही सांगितलं त्यांनी?

समुपदेशिका : पहिल्या दिवसापासून तेच तर सांगत होते. शेवट आपण वाटेत सांडले.

डॉक्टर : आणि मुलगा? त्याला तर बापाची भाषा येते.

शिंपीण : येते, पण इथली होऊन. इथे आला तेव्हा कडेवर होता. शेवट खातो. आई होती तोवर ती टोकायची. ती गेल्यावर टोकणारं कोण? बापाला सकाळी ओट्याशी पुटपुटताना ऐकलं आणि बिचारा हबकला.

समुपदेशिका : त्याला आत घेतलं. मावशींनी बापाचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, सावकाश. तो एवढंच म्हणाला, 'आई अस्संच बोलायची.' मग बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मी खोलीतच होते, सर, पण मला वाटलं, आपण चपला बाहेर काढून यायला हवं होतं.

डॉक्टर : गोळ्या चालू आहेत ना त्यांच्या?

समुपदेशिका : तीन आठवडे. ओळंबा न लावता भिंत सरळ चढवणारा माणूस आहे तो. आता पेला धरला तर पाणी सांडतं.

डॉक्टर : त्या गोळ्यांच्या कागदावर माझीही सही आहे. किती वेळ भेटलो होतो मी त्यांना? चहा निवायच्या आत उठलो होतो.

शिंपीण : त्याबद्दल बाबा रागावले नाहीत, साहेब. त्यांनी मला हळूच एवढंच विचारलं, या गावात आठवण काढणं हा आजार समजतात का?

डॉक्टर : गाडी नको म्हणून कळवा. नाही, थांबा, मीच फोन करतो तिथल्या डॉक्टरांना. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, उतरवत आणू. पण झोप नाही, जेवण नाही, हे तर खरंच आहे ना?

समुपदेशिका : आहे. दुःख डोंगराएवढं आहे. बाबा येणार आहेत त्यासाठी, दर बुधवारी. मावशीही येतील.

शिंपीण : दुकान दुपारी बंदच असतं माझं.

डॉक्टर : अहवालात काय लिहू? 'भास नाहीत' एवढंच?

समुपदेशिका : तिन्ही शेवट लिहा. पुढच्याला उपयोगी पडतील. सर, तीस वर्षांपासून ही माणसं आपल्या भिंती बांधतायत, आणि त्यांच्या एकेका शब्दात एवढी जागा आहे हे मला आज कळलं. बाबांनी मलाही एक विचारलं. तुमच्या बोलण्यात शेवटच नाहीत, तर समोरच्यानं पाहिलंय, ऐकलंय, की त्याच्या मनातलं आहे, हे तुम्हाला कळतं कसं?

डॉक्टर : काय सांगितलंत?

समुपदेशिका : खरं ते सांगितलं. कळत नाही, विचारावं लागतं.

डॉक्टर : त्यावर काय म्हणाले?

शिंपीण : म्हणाले, मग विचारत जा.