मॅकरोरीसाहेबांची दोन बोटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, नगराध्यक्ष एल्मर थॉर्स्टनसन (साहेब, चष्मा शोधू नका, तुमच्याच कपाळावर आहे), व्यासपीठावरचे फादर स्तेफान, आपल्या संघाचे जुने प्रशिक्षक मॅकरोरीसाहेब, आणि समोर बसलेल्या गाववाल्यांनो, निमंत्रणपत्रिका घरी विसरून मागच्या दाराने आलात त्यांनीसुद्धा, माझा नमस्कार घ्यावा. विसरलात तर विसरलात. तुमची डोकी शाबूत आहेत, तुम्हाला परवडतं.

मी तेक्ल्या, सत्कारमूर्तींची आजी. मला अक्षर येत नाही, म्हणून हातात कागद नाही. तेव्हा शेवटचं पान कधी येतंय म्हणून माझ्या हाताकडे बघत बसू नका.

अध्यक्षांनी आत्ता माझ्या नातवाला, यारेमाला, गावाचा अभिमान म्हटलं. खरंच आहे ते. बारा वर्षं तो मोठ्या शहरात बर्फावरच्या हॉकीचा पगारी खेळाडू होता. पेपरवाले त्याला जेरी म्हणत, कारण यारेमा म्हणताना त्यांची जीभ थंडीने आखडायची. त्याचा खेळायचा सदरा आज या दालनाखाली, बर्फाच्या मैदानावर मानाने छताला टांगणार आहेत. अवश्य टांगा. मी इस्त्री करून दिलाय.

त्याची आई लवकर गेली, म्हणून तो माझ्याकडे वाढला. आमच्या गोठ्यामागचं डबकं गोठलं की पोरगा त्यावरच. नडगीला हॉकीची चकती लागू नये म्हणून दुकानाचा जाडजूड कॅटलॉग फाडून पायाला बांधायचा. माझ्या घरात त्या पुस्तकाचा दुसरा काय उपयोग होता?

तिथून त्याला मॅकरोरीसाहेबांनी उचललं. साहेबांचा उजवा हात तुम्हाला माहीतच आहे. मळणीयंत्राने तीन बोटं नेली, दोन ठेवली. खेळताना पोरगा डोक्यावर आपटला की साहेब बाकाजवळ त्याला बसवायचे, तोच हात त्याच्या तोंडासमोर धरायचे आणि विचारायचे, "किती?" पोरगं "दोन" म्हणालं की साहेब म्हणायचे, "शाबास, जा आत!" आणि तुम्ही सगळे टाळ्या पिटायचात. या गावातलं कुठलंही पोर झोपेत विचारलं तरी दोनच म्हणेल. हसा, हसा. मीही हसायची.

शहरातून यारेमाचा फोन यायचा. "आजी, इथल्या तपासणाऱ्या माणसाला पाचही बोटं आहेत गं, पण दाखवतो दोनच!"

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी बघतच नाही. दोन म्हणतो नि सुटतो."

तर असा तो सुटत गेला. किती वेळा, ते विचारू नका. आता त्याला विचारा, जेवलास का? दोन. बाहेर थंडी आहे का? दोन. डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? तर म्हणाला, दोन. त्याला एकच मुलगी. बायको शेजारीच बसली होती, तिने लगेच विचारलं, "दुसरं कुणाचं रे?" आम्ही तिघं हसलो. चौथा फक्त आमची तोंडं बघत होता. पुढच्या हिवाळ्यात ती मुलीला घेऊन माहेरी गेली. मी तिला नावं ठेवत नाही.

आता मूळ मुद्दा. जेवणानंतर जुन्या खेळाडूंचा सामना आहे आणि त्यात यारेमाला उतरवायचं ठरलंय. मला विचारायला काल मॅकरोरीसाहेब घरी आले होते.

"तेक्ल्याआजी, थोडा वेळच. कुणी धक्कासुद्धा लावणार नाही."

"अरे, त्याला स्वतःचं दार सापडत नाही."

"बर्फावर सगळं आठवेल बघा. जेरी! किती?" केला उजवा हात पुढे.

"दोन," यारेमा म्हणाला.

"बघा! ठणठणीत आहे!"

"डावा दाखव," मी म्हटलं.

साहेबांनी डाव्या हाताची चार बोटं धरली. यारेमाने मन लावून पाहिलं, अगदी शाळेत पाहायचा तसं, आणि म्हणाला, "दोन."

साहेबांनी हात खिशात घातला. मग बराच वेळ चहा ढवळत बसले, साखर न घालताच. जाताना दारात म्हणाले, "आजी, पोस्टरं लागलीत हो. तीन गावांची माणसं येणार आहेत."

मी नाही म्हणाले. पुन्हा सर्वांसमोर म्हणते, नाही. याउप्पर डोक्याला काही लागलं, तर हाक मारल्यावर वळून बघतो तेवढंही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. माझ्याकडे आता तेवढंच उरलंय हो. पण माझ्या नाहीला विचारतो कोण? त्याच्या शेजारी बसलात त्यांनी खाली वाकून बघा. सकाळपासून त्याने पायातले स्केट काढू दिलेले नाहीत. घरातून इथवर गाडीत तसाच आला. त्याचे पाय काही विसरले नाहीत, तीच तर पंचाईत आहे. मी त्याची हॉकीची काठी पिठाच्या डब्यामागे लपवली. या इमारतीत तशा पन्नास काठ्या आहेत, हे मलाही ठाऊक आहे.

ऐका. खाली बर्फावर पाणी फिरवायची गाडी सुरू झाली. बस रे यारेमा. राजा, बस. बघा, उभा राहिला. गाडीची घरघर बरोबर ओळखतो, मला ओळखत नाही. मॅकरोरीसाहेब, त्याचा हात धराल का जरा? नाही, दाराकडे नको हो, इकडे आणा. इकडे.

बरं. न्या.

मंडळाचे आभार, दालन सजवणाऱ्या बायकांचे आभार, फादरांनी प्रार्थना आटोपती घेतली त्यांचेही. म्हाताऱ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला, मला ते घरी परत न्यायचं नाही. तो खाली पडला तर एवढं करा, कुणी बोटं दाखवू नका. आणि उद्यापासून माझ्याकडे हार-ढाली पाठवू नका, जेवण पाठवा. बीटचं सार चालेल, पण गार करून, त्याला गरम कळत नाही. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात मऊ शिजवून पाठवा. उकडलेल्या पिरोगी बटाट्याचं सारण भरून, कांदा बारीक चिरून. आणि कुणी स्वतः घेऊन आलात, तर त्याला किती वाढू, असं विचारू नका. ताट भरा.