मोरांच्या ट्रॉलीला एक्सल किती?

नाही, मला सांगा, माणसाने अभ्यास करायचा तरी कुठे? माझ्या खोलीत मोर आहेत! दोन. फायबरचे. आणि त्यांच्यामागे अख्खी गाडी... दिनेशकाकांची, वरातीला भाड्याने द्यायची नवरदेवाची गाडी हो, जुन्या जीपचं छत कापून, आत लाल मखमल लावून केलेली! तिला धूळ लागू नये म्हणून भिंत फोडली, शटर बसवलं, आणि गाडी आत घेतली. माझ्या खोलीत! माझी दहावी तोंडावर, आणि मी बॉनेट आणि भिंतीच्या फटीत पाट टाकून बसते. मान वर केली की चोच डोक्यात.

तुम्हाला सांगते, सुटकेची वेळ आलीसुद्धा होती. मानोऱ्याच्या एका लग्नाला जाताना नवरदेव धुळीने इतका पांढरा झाला की नवरीची मावशी मांडवातून ओरडली, "हा पोरगा हाय का पोराचा आजा?" त्या दिवशी काकांनी ठरवलं, गाडी यापुढे रस्त्यावरून चालणार नाही, ट्रॅक्टरमागे बंद ट्रॉलीत बसून जाईल, आणि राहीलही ट्रॉलीतच, दारासमोर. मला म्हणाले, "संस्कृती, तुही खोली मोकळी!" मी तर मनातल्या मनात टेबल कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं.

आणि ट्रॉली बनवणाऱ्या मालेगावच्या जगदेव मिस्त्रींनी विचारलं, "एक्सल किती टाकू? एक का दोन?"

झालं!

एक्सल म्हणजे चाकांमधला आडवा दांडा. एक टाकला तर ट्रॉलीला दोन चाकं, दोन टाकले तर चार. एवढंच! पण आमच्या घरात एवढंच कधी असतं का? बाबा म्हणाले, "एकच टाक. हलकी राह्यते, वळते." काका म्हणाले, "दादा, अन् एखादं टायर फुटलं तं? मोर सडकेवर! दोनच." आजी आतून, "अरे, बैलबंडीले एकच आस राह्यते! तिच्यावर बसून मी या घरात आली, सांडली का?" आणि जगदेव मिस्त्री? जो शेवटी बोलेल त्याला, "बराबर हाय!"

सकाळी चहाला एक, जेवताना दोन, संध्याकाळी पुन्हा एक... आणि परीक्षा काही थांबते का हो?

एकदा तर भर जेवणात प्रयोग! बाबांनी एका लाटण्यावर पाट ठेवला, पाटावर वरणाचं पातेलं. पाट कलला, वरण काकांच्या मांडीवर. "पाह्यलं? पाह्यलं?" काका पोळलेल्या मांडीने नाचत होते पण आनंदात! मग त्यांनी दोन लाटणी ठेवली. पाट स्थिर. सगळे म्हणाले, दोन! पण मी बघत होते... काकांनी तो पाट वळवून पाहिला ना, तेव्हा तो वळलाच नाही, नुसता घासत ओढला गेला. आणि आमच्या गल्लीत पाण्याच्या टाकीपाशी असं वळण आहे की बंडीसुद्धा श्वास रोखून वळते.

मी म्हटलं, "काका, पण ते टाकीजवळचं वळण..."

"तू अभ्यास कर!"

कुठे?

ट्रॉली आली. दोन एक्सलची, निळ्या पत्र्याची, केवढी लांब! अख्खं गाव मागे. "येऊ दे... येऊ दे..." मिस्त्री ओरडत होते, आणि टाकीपाशी ती जी अडकली, ना पुढे ना मागे, चाकं घासून धूर, आणि पत्रा थेट गोमतीबाईंच्या न्हाणीच्या भिंतीला! आतून गोमतीबाई, "काहून रे मुडद्यांनो, माह्या न्हाणीत वऱ्हाड आणता का?"

बाबा म्हणाले, "मी म्हणत होतो, एक!" काका म्हणाले, "ट्रॉली बराबर हाय, गल्लीच चुकली!" मिस्त्री म्हणाले, "बराबर हाय!"

आता ट्रॉली गावाबाहेर फाट्यावर उभी असते. मग गाडी तिच्यात का नाही ठेवत, विचारा ना! मी विचारलं. काका म्हणाले, "फाट्यावर? मोर नेईल ना कोणी!"

म्हणून गाडी माझ्या खोलीत, आणि मी ट्रॉलीत. दहावीतली मुलगी कोण नेणार! दुपारी मागचं दार उघडं टाकून मी अभ्यास करते, आजी दारात तूर निवडत राखणीला बसते. खरं सांगू? जागा चांगली आहे. दोन एक्सल असल्यामुळे टेबल हलत नाही. आजीलाही हे पटलंय, पण ती बाबांना सांगत नाही.

काल बाबा आणि काका बघायला आले. बाबांनी वर पाहिलं, पत्र्याला हात लावला, चटका बसला. "पोरीले गरम होऊन राह्यलं रे, दिनेश. पंखा पायजे."

काकांनी लगेच छताकडे बोट केलं. "एक का दोन?"

ट्रॉलीत विजेची लाइनच नाही. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. अभ्यास केला.