मागच्या वर्षीची लस

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर नवरा-बायको नंबरची वाट पाहत बसले होते. त्यांची सून कालच बाळंत झाली आणि मुलगी झाली, हे पहिल्या मिनिटातच सगळ्या बाकाला कळले होते.

"अगं, पण फ्लूची लस मी मागच्या वर्षी घेतली होती."

"तो विषाणूही मागच्या वर्षीचा होता. दरवर्षी रूप बदलून येतो मेला."

"आणि शरीराला ओळख पटत नाही?"

"धाकट्या भावजींनी मिशी काढली, तेव्हा तुम्ही त्यांना दारात 'कोण पाहिजे?' विचारलंत."

"बरं बाई, घेतो टोचून. संध्याकाळी नातीला मांडीवर घेता येईल ना?"

"दोन आठवड्यांनी. लस अंगी लागायला तेवढे दिवस जातात, आणि गावभर साथ आहे. सुनेनं बजावलंय, तोवर दारातूनच बघा."

"आणि तू?"

"मी घेणार की मांडीवर. मी महिन्यापूर्वीच टोचून घेतली."

"मला बोलली नाहीस!"

"बोलले होते. 'चला' म्हटलं, तर हात वर करून गप्प केलंत मला. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या."

"कसल्या?"

"फ्लूच्या साथीच्या."