खाडीतले कोल्हे आणि गव्हाणची कुत्री

सुज्ञ वाचकहो, पनवेलच्या जनावरांच्या दवाखान्यात, रांगेत माझ्या कानी पडलेला एक गंभीर संवाद येथे यथामती सादर करीत आहे. बोलणारे दोघे: कुत्रीचे पिल्लू मांडीवर घेतलेले गव्हाणचे वयस्क गृहस्थ काळूराम, आणि रानातील कोल्ह्यांचे आजार तपासणारी तरुणी प्राची.

"काका, लस द्यायला आणलंत?"

"व्हय. याची आय सकालीच मेली. नाकातून पानी, मंग झटके."

"खाडीतल्या दोन कोल्ह्यांनाही असेच झटके येत होते. रक्त तपासलं, तर कुत्र्यांचाच व्हायरस निघाला."

"कोल्ह्याला कुत्र्याचा रोग? सोयरीक जुलली काय त्यांची?"

"हसू नका, काका. त्या मेलेल्या कुत्रीला पुरलंत ना?"

"पुरतंय कोन? आमी मेलेला जनावर खाडीच्या तिवरांच्या झाडीत टाकताव, तिलाबी तितंच टाकली. कोल्हं खाऊन साफ करतान."

"तिथे कोल्हीची पिल्लं आहेत. अंधार पडला की ती सगळी खायला बाहेर पडतील."

"पोरी, याला धर जरा. नंबर आला का सुई टोचून घे."

"आणि तुम्ही?"

"मी फावडा घेऊन जातू. उजेड हाय तवर तिला पुरतू."

हे लेखन आपण वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
जीवन भोपी, कामोठे